नेवाशाचा खांब आणि ज्ञानदेवांची नाममुद्रा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा हे प्रवरेकाठचे जुने गाव. मोहिनीराजाचे क्षेत्र आणि म्हाळसेचे माहेर अशी त्याची ओळख आहे. वारकऱ्याला मात्र नेवासा म्हटले की आधी आठवतो तो एक दगडी खांब. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी शतकानुशतकांची श्रद्धा आहे. एकेकाळी उघड्यावर एकट्याने उभ्या असलेल्या या खांबाभोवती विसाव्या शतकात बन्सी महाराज तांबे यांच्या प्रयत्नांतून मंदिर उभे राहिले. दुर्गा भागवतांनी आपल्या ललित लेखसंग्रहाला ‘पैस’ हे नाव दिले ते याच खांबावरून. त्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि नेवाशाचा खांब वारीबाहेरच्या वाचकालाही परिचयाचा झाला.

या खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात ज्ञानेश्वरांचे नाव नाही, गीतेचा वा टीकेचा उल्लेखही नाही. करवीरेश्वराच्या देवळातील दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. म्हणजे ज्या दगडाला ग्रंथाचा साक्षीदार मानून आपण हात जोडतो, तो ग्रंथकर्त्याविषयी काहीच बोलत नाही. मग ज्ञानेश्वरी कोणाची, हे आपल्याला कोण सांगते? ज्या ज्ञानेश्वरांनी नेवाशाला टीका सांगितली तेच आळंदीला समाधिस्थ झाले, आणि त्यांनीच हरिपाठाचे व विठ्ठलभक्तीचे अभंग रचले, हे कशावरून? आज हे प्रश्न अनेकांना आगाऊपणाचे वाटतील. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी ते महाराष्ट्रात जाहीरपणे विचारले गेले आणि त्यांवर कडाक्याचा वाद झाला. ज्ञानेश्वरांचे चरित्र समजून घेताना तो वाद टाळून पुढे जाता येत नाही.

परंपरेतील चरित्र

परंपरेने सांगितलेले चरित्र सर्वांना ठाऊक आहे. पैठणजवळील आपेगाव हे या घराण्याचे मूळ गाव. तेथील कुळकर्ण्यांच्या घरातील विठ्ठलपंतांचा विवाह आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणी हिच्याशी झाला. विठ्ठलपंतांचा ओढा विरक्तीकडे. काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे गुरूंना कळले तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना परत गृहस्थाश्रमात पाठविले. संन्यासी पुन्हा संसारी झाला, हे तत्कालीन ब्राह्मणसमाजाला मानवले नाही. कुटुंब वाळीत पडले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुले संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेली. प्रायश्चित्त म्हणून आईवडिलांनी देहत्याग केला, तरी मुलांच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला नाही.

दरम्यान त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर निवृत्तीनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला होता. त्यांनी तो आपल्या धाकट्या भावाला दिला. थोरला भाऊ हाच गुरू, असे हे विलक्षण नाते. पुढे शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पैठणला गेली. तेथेच रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा घडते. पैठणहून ती नेवाशाला आली. तेथे मृत पतीसाठी शोक करणाऱ्या एका स्त्रीचे गाऱ्हाणे ज्ञानदेवांनी ऐकले आणि तिचा पती पुन्हा उठून बसला. तोच सच्चिदानंदबाबा, आणि तोच पुढे टीकेचा लेखक झाला, असे परंपरा सांगते.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये टीका पूर्ण झाली. त्यानंतर ‘अमृतानुभव’ झाला, चांगदेवांना पाठविलेल्या ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ झाली, नामदेवांसह तीर्थयात्रा झाली आणि शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस (१२९६) ज्ञानेश्वरांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली होती. ज्ञानदेवांचे ज्येष्ठ बंधू त्र्यंबकेश्वरी, सोपानदेव सासवडला आणि मुक्ताई तापीकाठी अशी बाकी भावंडांचीही वाट संपली.

वयाविषयी मात्र परंपरेतच एकवाक्यता नाही. रूढ मतानुसार ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ (१२७५) मधील श्रावण वद्य अष्टमीचा. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगानुसार तो शके ११९३ (१२७१) मधील. पहिले मत धरले तर टीका सांगताना ते १५ वर्षांचे होते आणि समाधी घेताना २१ वर्षांचे. दुसरे धरले तर हीच वये १९ आणि २५ होतात.

ग्रंथ स्वतःविषयी काय सांगतो?

या चरित्रातील किती भाग खुद्द ज्ञानेश्वरीत सापडतो, हे पाहिले की अभ्यासकाची अडचण ध्यानात येते. गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९ हजार ओव्यांचा हा विस्तार. त्यात विठ्ठलपंतांचा संन्यास, वाळीत टाकणारे ब्रह्मवृंद, पैठणचे शुद्धिपत्र वा रेडा यांचे वृत्तान्त नाहीत. ज्याच्यावर एवढा अन्याय झाला असे आपण मानतो, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात त्याची तक्रार नोंदविलेली नाही.

ग्रंथ सांगतो ते थोडके, पण नेमके आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी गुरुपरंपरा दिली आहे. निवृत्तीनाथांच्या आज्ञेने आणि कृपेनेच हे काम झाले, असे कवी वारंवार बजावतो. गोदावरीच्या परिसरातील पंचक्रोशी क्षेत्राचा, तेथील महालयेचा आणि यादवकुळातील राजा रामचंद्राचा उल्लेख आहे. हा रामचंद्र देवगिरीचा रामदेवराव. क्षेत्राच्या वर्णनात गोदावरी येते आणि नेवासा तर प्रवरेवर वसले आहे. मात्र प्रवरासंगमापाशी ही नदी गोदावरीला मिळते आणि ते ठिकाण नेवाशापासून जवळच आहे. महालया म्हणजे नेवाशाची मोहिनीराज वा म्हाळसा ही देवता, ही ओळख परंपरेने पक्की केली. मोहिनीराजाचे आज दिसणारे देखणे मंदिर मात्र बरेच नंतरचे. ते अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधविले.

खरा पेच आहे तो शकाच्या ओवीचा. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले, असा तिचा आशय. ग्रंथाचा काळ आणि लेखक, दोन्ही आपल्याला कळतात ते या एकाच ओवीतून. पण ती बोलते कोण? कवी ग्रंथात स्वतःला ज्ञानदेव म्हणवतो. येथे नाव येते ते ज्ञानेश्वर असे, आदराचे. म्हणून ही ओवी खुद्द कवीची नसून लेखनिकाची वा नंतरच्या कोणाची असावी, अशी शंका घेतली गेली. यावर एक उत्तरही आहे. आपले नाव तृतीय पुरुषात गुंफणे ही मराठी संतकवींची रीतच होती. पसायदानाच्या अखेरीस वर मिळून सुखी होणारा ज्ञानदेवही तृतीय पुरुषातच येतो. तेव्हा केवळ तेवढ्यावरून ओवी परकी ठरत नाही. आणि ती सच्चिदानंदबाबांची असली तरी बिघडते काय? ज्याने स्वतः बसून ग्रंथ उतरवून घेतला त्याची साक्ष ही दुय्यम साक्ष म्हणता येणार नाही.

शुभवर्तमानांचा दाखला

असा पेच जगात एकट्या मराठीला पडलेला नाही. अहमदनगर येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केले. तेव्हापासून ‘शुभवर्तमान’ हा शब्द या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत रुळला आहे. येशू ख्रिस्ताचे चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चार शुभवर्तमाने नव्या करारात आहेत. परंतु यांपैकी एकाही ग्रंथाच्या संहितेत लेखकाने आपले नाव सांगितलेले नाही. चारही नावे एकत्र आणि ठामपणे सांगितली ती इरेनियस या धर्माचार्याने, इ. स. १८० च्या सुमारास, म्हणजे ग्रंथ रचले गेल्यानंतर बऱ्याच काळाने.

त्यातील दोन गोष्टी नेवाशाच्या वाचकाला ओळखीच्या वाटतील. मार्क हा पेत्र या शिष्याचा दुभाष्या होता आणि पेत्राच्या प्रवचनांतील जे आठवले ते त्याने लिहिले, असे पापियस या दुसऱ्या शतकातील धर्माचार्याने नोंदविले. म्हणजे बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. योहानाच्या शुभवर्तमानात तर अखेरच्या, एकविसाव्या अध्यायात एका शिष्याकडे बोट दाखविले जाते. हे सारे त्याने लिहिले आणि त्याची साक्ष खरी आहे हे आम्हांस ठाऊक आहे, असा त्या वाक्याचा भाव. यातील ‘आम्ही’ कोण, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. ग्रंथ ज्यांनी जपला त्या मंडळींनी अखेरीस आपली ग्वाही जोडली, हे त्याचे बहुमान्य स्पष्टीकरण. शके १२१२ ची ओवी जर लेखनिकाची असेल, तर ती अशाच जातीची ग्वाही ठरते. दोन्हीकडे नाव पुढे येते ते ऐकणाऱ्यांच्या आणि जपणाऱ्यांच्या तोंडून.

ज्ञानेश्वर एक की दोन?

मराठीतला वाद मात्र शुभवर्तमानांच्या वादापेक्षा एक पाऊल पुढे गेला. १८९८-९९ मध्ये शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहिली. ज्ञानेश्वरी रचणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती होत्या, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांच्या युक्तिवादाला आधार होते. ज्ञानेश्वरी शैव नाथपंथाच्या वळणाची, तर अभंग विठ्ठलभक्तीने भिजलेले. ९ हजार ओव्यांत पंढरीच्या विठ्ठलाचा घोष नाही. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी आणि अवघड, अभंगांची त्यामानाने अर्वाचीन आणि सुबोध. ग्रंथात ज्ञानदेव हे नाव येते, तर अनेक अभंगांत ‘बापरखुमादेवीवरू’ ही निराळी मुद्रा.

वारकऱ्यांच्या दृष्टीने हा घाव मुळावरच होता. आषाढी वारीत ज्या माउलींच्या पादुका आळंदीहून पंढरीला निघतात, त्यांच्याच नावाने वाटेत हरिपाठ म्हटला जातो आणि मुक्कामी ज्ञानेश्वरी वाचली जाते. ग्रंथ एकाचा, अभंग दुसऱ्याचे आणि समाधी यांपैकी एकाचीच असेल, तर पालखीत नेमके कोण आहे? तत्त्वज्ञ आणि भक्त, नाथपंथी योगी आणि विठ्ठलाचा वारकरी हे एका देहात नांदले, हाच तर या संप्रदायाचा अभिमान. भारद्वाजांनी तोच सांधा उसवला.

उत्तरेही तितक्याच आवेशाने आली. भिंगारकरबुवांनी संप्रदायाची बाजू मांडली. ल. रा. पांगारकर यांनी आपल्या चरित्रलेखनात एकच ज्ञानेश्वर मानले. रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात दोन्ही पक्ष तपासले आणि कौल दिला तो एकाच ज्ञानेश्वरांच्या बाजूने. या पक्षाचा युक्तिवाद थोडक्यात असा. गीतेवरील टीकेत बोलणारा देव श्रीकृष्ण आहे, त्यामुळे तेथे विठ्ठलाचे नाव आलेच पाहिजे असे नाही. नाथपंथ आणि भक्ती यांचे वैर नाही, कारण ज्ञानेश्वरी स्वतःच ज्ञान, योग आणि भक्ती यांचा मेळ घालते. निवृत्तीनाथांवरील निष्ठा दोन्हीकडे सारखीच आहे, आणि दृष्टान्त व कल्पनाही अनेकदा जुळतात.

भाषेतील फरकाचे उत्तर तर कीर्तनाच्या फडावरच मिळते. पोथी नकलून घेणारा शब्दाला सहसा धक्का लावत नाही. अभंग मात्र तोंडी चालतो. प्रत्येक पिढी तो आपल्या जिभेवर घोळवते आणि नकळत आपल्या भाषेत आणते. तेव्हा भाषा नवी आहे यावरून कवी नवा होता असे सिद्ध होत नाही.

तरीही भारद्वाजांचे श्रम वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अभंगांच्या गाथेत ज्ञानदेवांच्या नावावर जे जे आहे ते सारे त्यांचेच, हे गृहीत धरता येत नाही, ही जाणीव या वादाने दिली. नाममुद्रा ही स्वाक्षरी असली तरी ती दुसऱ्यालाही वापरता येते. याचे ठळक उदाहरण नामदेवांचे. एकनाथांच्या काळातील विष्णुदास नामा या कवीच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढताना अभ्यासकांची दमछाक झाली. ज्ञानदेवांच्या चरित्राचा बराचसा आधार नामदेवांच्या नावावरील आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतील अभंगांचा आहे. म्हणजे ज्या साक्षीदारावर आपण विसंबतो त्याच्याही जबानीत दुसरा आवाज मिसळलेला असू शकतो. आज बहुसंख्य अभ्यासक एकच ज्ञानेश्वर मानतात, आणि तसे मानूनही एकेका अभंगाची स्वतंत्र पारख करतात.

एकनाथांची राखण

ज्ञानेश्वरीच्या शब्दाची काळजी सर्वांत आधी घेतली ती पैठणच्या एकनाथांनी. टीका सांगून झाल्यानंतर जवळजवळ ३०० वर्षांनी, शके १५०६ (१५८४) मध्ये, त्यांनी हाती आलेल्या प्रतींची तुलना करून पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण पाठान्तरांमुळे त्यात अबद्ध शिरले, असे त्यांचे निदान होते. यापुढे कोणी आपली ओवी रचून यात घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही तेथे आढळतो. इशारा द्यावा लागला, यावरूनच तशा ओव्या शिरत होत्या हे उघड होते. भक्तीच्या पोटी ग्रंथात भर घालणारे आणि भक्तीच्याच पोटी ती भर काढणारे, असे दोन्ही हात या पोथीवरून फिरले आहेत.

१८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी प्रथम छापली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीचा पाठ प्रसिद्ध केला आणि तो एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. तेव्हापासून एकनाथी पाठ आणि राजवाडे पाठ असे दोन प्रवाह अभ्यासकांपुढे आहेत. खुद्द सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी मात्र कोणाच्या हाती लागलेली नाही. नेवाशाची माती तशी कृपण नाही. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील लाडमोड टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील वस्तीचे अवशेष आणि त्याहूनही जुन्या काळातील दगडी हत्यारे उजेडात आली. हजारो वर्षांपूर्वीची हत्यारे टिकली, पण १२९० मधली पाने टिकली नाहीत.

मग ज्ञानेश्वरी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर काय? उपलब्ध पुरावा असे सांगतो की यादवांच्या राज्यात, गोदा-प्रवरेच्या परिसरात, निवृत्तीनाथांचा ज्ञानदेव नावाचा शिष्य श्रोत्यांसमोर गीता मराठीत सांगत होता आणि सच्चिदानंदबाबा ती लिहून घेत होते. हा गाभा डळमळीत करणारे काही अद्याप पुढे आलेले नाही. त्याच्याभोवतीची चरित्रकथा, अभंगांतील काही भाग आणि काही ओव्या यांवर मात्र पुढच्या पिढ्यांचे हात फिरले आहेत. हे मान्य केल्याने ज्ञानदेव लहान होत नाहीत. उलट, त्यांचे शब्द किती जणांनी आपले मानले, हे त्यातून दिसते.

कर्तृत्वाची सर्वांत कमी चिंता बहुधा त्यांनाच होती. सारे श्रेय त्यांनी थोरल्या भावाला दिले. वाळीत पडलेल्या घरातील या तरुणाने ग्रंथाच्या शेवटी विश्वात्मक देवाकडे मागणे मागितले ते साऱ्या जगासाठी, आणि त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. ग्रंथावर आपली मालकी सांगण्यासाठी त्यांनी काही कोरून ठेवले नाही. नेवाशाच्या खांबावर आहे ती दिव्याच्या तेलाची नोंद. करवीरेश्वराचे ते देऊळ आज उरलेले नाही आणि त्यातला दिवाही नाही. खांबापाशी ज्ञानेश्वरीचे वाचन मात्र चालू आहे.